ती यायला उरलेले दिवस

“कॉम्प्युटर म्हणजे काय हो मास्तर, शेवटी विजेवर चालणारं घड्याळच!” घड्याळजी म्हणाले. “एकदा आतलं चक्र कळलं की संपलं. महिन्याभरात बघा, तुमच्या दुकानाचासुद्धा प्रोग्रॅम लिहून देतो!”

टेलरमास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. खालच्या मजल्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आणि वर घड्याळजींचं घर. घड्याळजींनी एकोणचाळीस वर्षं गावाची घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान गेल्या साली बंद केलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

क्लासात नाव घालायची कल्पनाही मास्तरांचीच. त्याचं असं झालं. फेब्रुवारीत घड्याळजींची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, तीन महिन्यांसाठी. परतीचं तिकीट चौदा मेचं. निघताना घड्याळजी ऐटीत म्हणाले होते, “निवांत राहा! माझी काळजी करू नकोस, मी काय कुक्कुलं बाळ आहे?” पहिला आठवडा मजेत गेला. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी कुणी हूं की चूं करेना. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम टाकला. तरी कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या शर्टाची बटणं तुटायला लागली आणि ती लावून घ्यायला ते दिवसातून दोनदा खाली यायला लागले. एकाच शर्टाचं तेच बटण पाचव्यांदा तुटलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “घड्याळजी, कोपऱ्यावर दुपारचा कॉम्प्युटर क्लास निघालाय. नवशिक्यांसाठी आहे. जा की! बटणाचा तरी जीव वाचेल.”

क्लासच्या मॅडम वयानं लेकीएवढ्या. त्यांनी फळ्यावर तीन ओळी कायमच्या लिहून ठेवल्या होत्या. प्रोग्रॅम अडला की आधी बघा, सेव्ह केलंय का? मग बघा, उघडलेली फाइल कोणती? आणि तरी अडलं, तर कॉम्प्युटर जी चूक दाखवतो ती मोठ्यानं वाचा. मॅडमचं म्हणणं, निम्म्या चुका नुसत्या वाचल्या की कळतात.

“आपापल्या उपयोगाचं एक पान बनवा,” त्या म्हणाल्या. कुणी वजनाचा तक्ता केला, कुणी औषधांच्या वेळा. घड्याळजींनी चौदा मे आणि आजची तारीख यांतलं अंतर मोजायला घेतलं.

“काका, काय मोजताय?”

“काही नाही, असंच. दिवस.”

पण तिसऱ्या नियमानं घात केला! पान उघडेना. स्क्रीनवर लाल अक्षरं आली आणि मॅडम म्हणाल्या, “मोठ्यानं वाचा काका.” घड्याळजींनी घसा खाकरला आणि वीस लोकांसमोर वाचलं, “बायको इज नॉट डिफाइन्ड!”

सगळा क्लास फुटला. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “म्हणजे बायको हे नाव तुम्ही वापरलंत, पण बायको म्हणजे काय ते कॉम्प्युटरला आधी सांगितलंच नाहीत.”

“एकोणचाळीस वर्षांत मलाच नीट सांगता आलेलं नाही, त्याला कुठून सांगू?” घड्याळजी पुटपुटले. कान मात्र लाल झाले होते. मग वरच्या ओळीत त्यांनी लिहिलं की बायको म्हणजे चौदा मे, आणि पान उघडलं.

पानावर लिहिलेलं होतं, ‘ती घरी यायला उरलेले दिवस.’ खाली आकडा होता बहात्तर.

त्या दिवशी तारीख होती तीन एप्रिल. घड्याळजींनी बोटांवर मोजले, एक्केचाळीस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले, एक्केचाळीस. यंत्र मात्र बहात्तरवर अडून बसलेलं! एकतीस दिवसांची तफावत. आता घड्याळ रोज नेमकं तेवढंच पुढे जात असेल तर घड्याळजी काय करतो? आत धातूची एक बारीकशी पत्री सारतो आणि तेवढंच मागे ओढतो. घड्याळजींनी गणिताच्या शेवटी वजा एकतीस अशी पत्री सारली. आकडा एक्केचाळीसवर आला! त्यांनी मॅडमना विचारलंही नाही आणि संध्याकाळी खाली जाऊन मास्तरांना सांगितलं, “म्हटलं नव्हतं? घड्याळच आहे ते!”

तीन-चार दिवसांनी बायकोचा फोन आला. नातीच्या आंघोळीचं कौतुक झालं, हवापाणी झालं. मग ती म्हणाली, “अहो, लेक म्हणतेय अजून दोन महिने राहा. सासूबाई आहेत तिच्या मदतीला, अगदी अडलंय असं नाही. तरी म्हणतेय. काय करू?”

घड्याळजींच्या जिभेवर ‘राहा म्हणजे काय, उद्या ये’ असं सगळं तयार होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. “राहा की! माझं इथं उत्तम चाललंय. क्लास असतो, वेळ कसा जातो कळत नाही.”

“हो का,” बायको म्हणाली. “बरं. बघते मग. या आठवड्यात ठरवते.”

फोन ठेवून घड्याळजी बैठकीत बसून राहिले. समोर मोठं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबलं होतं. ते कधीचंच थांबलं होतं. आपण त्या आकड्यात काय लिहितोय हे तिला कळायला हवं होतं, आणि ते आपल्या तोंडून कधी निघणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज एक दिवस कमी होणारा तो आकडा त्यांना आता खोटा वाटायला लागला.

अकरा एप्रिलला मॅडमनी त्यांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा नीट बघितला. “अहो काका, हे पाच काय लिहिलंय? कॉम्प्युटर महिने शून्यापासून मोजतो. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. मे म्हणजे चार! तुमचा मे त्याच्या लेखी जून झालाय.”

“शून्य नंबरचा महिना?” घड्याळजींनी हात टेकले. “मग जन्मल्याबरोबर मूल पहिलीत बसवायचं की शून्यावीत?”

पण चूक ती चूक. आता घड्याळजींची दुकानातली एक सवय होती. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं की जुना भाग कधी फेकायचा नाही, डबीत जपून ठेवायचा. त्याच शिस्तीनं ते प्रत्येक दुरुस्तीआधी फाइलची एक प्रत काढत. त्यामुळे कॉम्प्युटरवर ‘दिवस’, ‘दिवस नवा’ आणि ‘दिवस पक्का’ अशा तीन डब्या झाल्या होत्या. ‘दिवस पक्का’ची त्यांनी ‘दिवस एकदम पक्का’ ही चौथी प्रत काढली आणि तीत पाचाचे चार केले. मग समोरच्या पानाकडे बघितलं. आकडा तेहेतीस. बोटांवर मोजले, तेहेतीस. छाती फुगली! समोर उघडं होतं ते जुनं ‘दिवस पक्का’, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. फळ्यावरची दुसरी ओळ त्यांच्या डोक्यावरच लटकत होती. आणि नव्या फाइलमध्ये महिना सुधारला, तरी एकतीसची पत्री आतच राहिली होती.

“छान!” सुटायच्या घाईत मॅडम म्हणाल्या. “आता ही फाइल नेटवर चढवा आणि क्लासबाहेरच्या एका माणसाला पाठवा. उघडतंय का विचारा. हाच गृहपाठ.”

क्लासबाहेरचं माणूस म्हणजे कोण? मास्तरांचा फोन जुना, बटणांचा. उरली लेक. घड्याळजींनी ‘एकदम पक्का’ चढवलं आणि तिला लिहिलं, ‘हे पान उघडतं का तेवढंच कळव. काय आहे ते विचारू नकोस. आईला दाखवू नकोस.’

अर्ध्या तासानं लेकीचं उत्तर आलं, ‘उघडलं.’ आणखी एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम सगळ्यांची पानं मोठ्या पडद्यावर दाखवत होत्या. घड्याळजींचं पान आलं. ‘ती घरी यायला उरलेले दिवस.’ खाली भलामोठा एक!

“अय्या काका, उद्या येणार काकू?” मागची बाई आनंदानं म्हणाली.

घड्याळजी खुर्चीतून उठलेच. एक? आज एक, म्हणजे काल लेकीनं बघितलं तेव्हा दोन! मॅडमनी फळ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “फाइल कोणती?” दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं. घड्याळजींनी पत्री काढली, फाइल सेव्ह केली, पुन्हा चढवली. आकडा बत्तीसवर आला. घरी जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. तो बंद. मग लेकीला लावला.

“अगं, ते पान! कालचं चुकीचं होतं. दुरुस्त केलंय आता. आईनं नाही ना बघितलं?”

“बघितलं तर! पण बाबा, आता दुरुस्त करून काय उपयोग? आईनं ठरवून टाकलंय.”

“काय ठरवलंय?”

“कळेल तुम्हाला. थांबा, ही रडतेय...” आणि फोन बंद.

कळायचं काय राहिलं होतं? दोन महिने! बायको रागावली असणार. ह्या माणसाला माझी तारीखसुद्धा धड आठवत नाही, असं म्हणाली असणार, आणि बरोबरच होतं तिचं. घड्याळजींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी लेकीचा घरी पडून असलेला जुना कॉम्प्युटर उघडला आणि पान समोर घेतलं. एकतीस. आता दोन महिने वाढवायचे, म्हणजे चारचे सहा करायचे, एवढंच काम. एक आकडा! त्यांनी बोट कळीवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बारीकातलं बारीक चक्र चिमट्यानं उचलताना कधी न हललेलं बोट त्यांना काही दाबवेना. टॉवेल पलंगावर पडला होता. तो उचलून त्यांनी दोरीवर टाकला.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात बायको उभी! एका हातात पेटी, खांद्याला पिशवी, डोळे प्रवासानं सुजलेले.

“बाजूला व्हा की,” ती म्हणाली. “तुम्ही दोन दिवस म्हटलंत. आले.”

ती आत आली, पेटी ठेवली आणि तिची नजर टेबलावरच्या कॉम्प्युटरवर गेली.

“एकतीस?”

“अं... हो.”

“परवा तर दोन होते!”

“ते चुकून,” घड्याळजी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. शून्याचा महिना, पत्री, चार डब्या, सगळं त्यांनी सांगितलं. ती पेटीवर बसून शांतपणे ऐकत होती.

“म्हणजे दोन ही चूक. आणि एकतीस हे बरोबर.”

“हिशेबानं... हो.”

“आणि मी तिथं लेकीला सांगितलं, अगं बापाला तारीख आठवत नाही, पण मला बोलवायची घाई झालेली दिसतेय! तिकीट बदललं, रात्रभर बसून आले. दोन महिने झाले जाऊन, एकदा तरी विचारलंत, कधी येतेस म्हणून? आणि आता म्हणे चुकून! जाऊ का मग परत? एकतीस दिवसांनी येते!”

“नको.”

“का नको? उत्तम चाललंय ना तुमचं?”

घड्याळजींनी कॉम्प्युटरकडे बघितलं. तो काही मदत करेना. मग ते जमिनीकडे बघून म्हणाले, “करमत नाही गं.”

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि ती उठली. “एवढे दोन शब्द बोलायला क्लास लावावा लागला,” ती म्हणाली, आणि तिची नजर भिंतीवर गेली. “हे घड्याळ कधीपासून बंद आहे?”

“तू गेल्याच्या आठव्या दिवसापासून.”

“घड्याळजींच्या घरात घड्याळ बंद? दुरुस्त करायला काय झालं होतं?”

“बिघडलं नव्हतं ते. किल्ली तू देतेस ना.”

तिनं स्टूल ओढलं, चढली आणि किल्ली द्यायला लागली. घड्याळजींनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. तशी गरज नव्हती.

पान त्यांनी पुसलं नाही. ते बिचारं इमानानं रोज एक दिवस कमी करत राहिलं आणि चौदा मेला शून्यावर आलं, एकही चूक न करता. लेकीचा फोन आला, “बाबा, अभिनंदन! प्रोग्रॅम शेवटी बरोबर चालला!”

“हो, हो,” घड्याळजी म्हणाले. त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं. बायको खाली मास्तरांकडे ब्लाउज टाकायला गेली होती, ‘अर्ध्या तासात आलेच’ म्हणून. पन्नास मिनिटं झाली होती. फोन ठेवून त्यांनी कॉम्प्युटर उघडला, पण त्यांच्या पानाला तास-मिनिटं मोजता येत नव्हती. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण तोडलं आणि खाली गेले.