अप्पांच्या किल्लीचा बंदोबस्त

कुलूप लावून झालं की शिवलिंगअप्पा त्याला दोन्ही हातांनी धरून लोंबकळायचे. पाय जमिनीपासून वर. कुलूप टिकलं तर दुकानाकडे निघायचे, नाहीतर नवं कुलूप आणायला बाजारात.

माजलगावात ते आमचे शेजारी. छोटं किराणा दुकान, बायको वारलेली, एकुलती मुलगी गिरिजा शिरूर कासारला दिलेली. घरात चोरानं न्यावं असा एक ट्रान्झिस्टर तेवढा होता. पण अप्पांचं पालुपद एकच, "बंदोबस्त पक्का पाहिजे, मास्तर."

गल्लीत रंगीत टीव्ही नुकते यायला लागले होते. सगळे त्याच्या मागे, तर अप्पांच्या डोक्यात वेगळंच खूळ: घराची किल्ली दाराबाहेर पेटीत ठेवायची. पहिली प्लास्टिकची पेटी उन्हानं वाकडी झाली. दुसरी पत्र्याची मला उघडायला लावली. मी ती चमच्यानं उघडली.

"बरं झालं, तुमी मास्तर झालात," अप्पा म्हणाले.

मग औरंगाबादहून आकड्यांचं कुलूप आलं. वेल्डरनं जाड लोखंडाची पेटी केली, वर पावसासाठी छोटा छज्जा. ती भिंतीत पक्की बसवून अप्पांनी माझ्या हातात हातोडा दिला.

"हाणा."

"अहो, नवी आहे."

"म्हणून तर. जुनी झाल्यावर चोर हाणंलच की."

मी हाणला. पेटी हलली नाही, माझा खांदा मात्र आठवडाभर दुखला.

खरं सांगायचं तर माझ्या मनालाही थोडं लागलं होतं. म्हणालो, "अप्पा, किल्ली आमच्याकडे ठेवली असती. ही दिवसभर घरीच असते."

अप्पा जरा वेळ पेटीवरून हात फिरवत राहिले.

"मागं म्या नेकनूरला गेलतो. तुमी बी सुट्टीत गावी गेलते. तवा गिरिजा आलती. दाराला कुलूप. बायांनी इचारायला सुरू केलं, एकटीच का म्हून आलीस, गालावर वळ कशाचा? तशीच परत गेली. मला लई उशिरा कळलं."

"मग आणायला नाही गेलात?"

"गेलतो. म्हणली, समदं ठीक हाय. मंग हे कुलूप आल्यावर परत जाऊन आकडा तेवढा कानात सांगून आलो. वहिनी चांगल्या हायेत, मास्तर. पर बापाच्या घरात शिरायला तिनं कुणाला कारण सांगावं न्हाई."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी दुपारी पेटी उघडी दिसली. दार आतून लावलेलं, आत स्टोव्हचा आवाज. मी पुढं झालो, तर बायकोनं हात धरून मागं ओढलं. मी दुकानात गेलो आणि "घरी जा" एवढंच म्हणालो.

अप्पा भर बाजारातून धावत आले. दारापाशी थांबले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि स्वतःच्याच घराची कडी हळूच वाजवली.

गिरिजा पुढं शिरूरला परत गेली नाही. त्या दुपारी दार उघडल्यावर अप्पांनी तिला एवढंच विचारलं, "जेवलीस का, बाई?"