एका पेशंटची तीन नावं

किशोरने पेशंट व्हायचं ठरवलं ते निव्वळ बायकोला मदत म्हणून. (निदान त्याने तसं सांगितलं.)

योगिनी नर्स होती. घरोघरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बायकांना इन्सुलिन नीट कसं द्यायचं, हे ती द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये शिकवायची. शेवटच्या दिवशी परीक्षा. दरवेळी ओळखीतले एक डायबेटिसवाले काका पेशंट म्हणून खुर्चीत बसत. या वेळी काका ऐनवेळी लेकाकडे पुण्याला निघून गेले.

"मी येतो की," किशोर म्हणाला.

योगिनीला त्याचा अभिनय माहीत होता. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात त्याने एकदा हवालदाराचं काम केलं होतं. वाक्य एकच होतं, आणि ते त्याने चार वेळा म्हटलं होतं.

"तुमचं नाव चिमाजी," ती शेवटी म्हणाली. "नाव विचारलं की सांगायचं. जेवलात का म्हटलं की नाही म्हणायचं. उपाशी माणसाला इंजेक्शन टोचायचं नाही, हे त्यांना कळलंय का, एवढंच मला बघायचंय. पोटावर सरावाचं पॅड बांधेन, इन्सुलिनच्या पेनमध्ये नुसतं सलाइन असेल. बाकी गप्प बसा."

किशोरला हे काम फारच सपक वाटलं. चिमाजीला काही स्वभाव नको? त्याने घरून निघताना तर्रीबाज मिसळ खाल्ली आणि माकडटोपी, मफलर, लोकरी शाल असा जामानिमा करून खुर्चीत जाऊन बसला. मे महिना होता. हॉलमधला पंखा फिरत होता, पण वारा देण्याच्या भानगडीत पडत नव्हता.

पहिली आली घोटीची सविता. पास झाली की गंगापूर रोडच्या एका घरी आजींना सांभाळायचं काम तिला पक्कं होतं. त्यामुळे तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

किशोरला वाटलं, म्हातारा विसराळू असावा. "काशिनाथ," तो कापऱ्या आवाजात म्हणाला.

सविताने हातातला कागद पाहिला. "इथं चिमाजी लिहिलंय." तिने पेन खाली ठेवलं. "घरचं कोण आहे यांच्या?"

कोणीच नव्हतं. "मी सून," योगिनी दात आवळून म्हणाली. "चिमाजीच आहेत ते."

"बरं. आजोबा, जेवलात का?"

"कालपासून अन्नाचा कण नाही," किशोर म्हणाला. आता त्याला सूर सापडला होता. "सून वाढत नाही." आणि त्याने हात थरथरवला. घाम मात्र खरा होता; टोपीखालून धारा लागल्या होत्या.

सविता जवळ आली. घाम, थरथर, उपाशी पोट, नावाचा पत्ता नाही. शुगर एकदम खाली गेली की माणूस कसा दिसतो, ते योगिनीने शिकवलं होतं. तो माणूस हुबेहूब समोर बसला होता.

"लंकाबाई, शुगर तपासायचं मशीन आणा," तिने मागच्या बाईला सांगितलं. "आणि ते येईपर्यंत थांबायचं नाय. ग्लुकोज कालवा."

ग्लास तोंडाशी आला तसा किशोर घाबरला. "अहो, मला काही झालेलं नाही. मी किशोर आहे."

"आता तिसरं नाव सांगतायत," सविता म्हणाली. "लवकर."

"ती सून नाही, बायको आहे माझी."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बरळणं लय वाढलंय," सविता हळूच म्हणाली. मग तिने त्याच्या पाठीला हात देऊन, लहान मुलाला पाजावं तसं हळूहळू सगळं ग्लुकोज पाजलं. किशोरने योगिनीकडे केविलवाणं पाहिलं. ती खाली मान घालून भराभर मार्क लिहीत होती.

मग मशीन आलं. सुईला किशोर लहानपणापासून भीत असे. बोटाला टोचल्यावर त्याने जो आवाज काढला, त्यात अभिनय अजिबात नव्हता.

सविता मशीनकडे बघत राहिली. "मॅडम, शुगर तर चांगली आहे. मग हे असं का बोलतात?"

"ते लग्नाच्या आधीपासूनच आहे," योगिनी म्हणाली. "त्याच्यावर इलाज नाही."

मग तिने सगळं सांगितलं. हॉलभर हसू पसरलं. सविताला आधी रडू आलं, आणि पास झाल्याचं कळल्यावर पुन्हा आलं. नावाची खात्री केली, उपाशी माणसाला सुई टोचली नाही, शुगर उतरल्यासारखं दिसताच वेळ घालवला नाही. योगिनीला आणखी काय हवं होतं? लंकाबाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला. किशोरने टोपी, मफलर, शाल काढून बाजूला ठेवली आणि मोठ्या नटासारखा मधोमध बसला. एकंदर दिवस छानच गेला, असं त्याला वाटू लागलं.

सविता कप घेऊन त्याच्यापुढे आली.

"माफ करा हं सर. पण काम फार भारी केलंत. अगदी सत्तरीचे दिसत होतात." मग ती जरा वाकून त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली. "फक्त चहाच्या आधी तो मेकअप तेवढा धुऊन घ्या."

किशोरने मेकअप केलाच नव्हता.