वाकडं बोट

सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. आमच्या शेजारच्या नानांकडे सरळ बोटाने झाडसुद्धा दाखवता येत नाही. त्यांच्या अंगणात पांढरा कांचन आहे, जेमतेम माणसाच्या उंचीचा. त्याच्याकडे कुणी बोट केलं की नाना ओट्यावरून ओरडतात, "आधी बोट वाकवा. कळी कुजेल."

बोट दाखवलं की कळी कुजते, असं आपण लहान मुलांना सांगतो. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचा जन्म ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेला. केसाएवढा ओरखडा दिसला की त्यावर बोट ठेवायचं, "नाही चालणार" म्हणायचं आणि तुकडा बाजूला सारायचा, हीच नोकरी. संध्याकाळी द्वारका चौकात बसमधून उतरले तरी यांची ड्यूटी काही सुटायची नाही. पोळीचा काठ जाड, नाही चालणार. पडदा तिरका, नाही चालणार. त्यांच्या पत्नी, आमच्या माई, हसून म्हणायच्या, "अहो, बोट जरा वाकवा की."

कांचन माईंनीच लावला. नानांनी लगेच ओळंबा धरून पाहिला. "कललंय. नाही चालणार." तीन वर्षं फूल आलं नाही, तेव्हा रोज सकाळी चहाच्या कपासकट झाडाकडे बोट. "नुसता पाला."

"येईल हो फूल," माई म्हणायच्या. "तुम्ही तेवढं बोट वाकवा."

मागच्या उन्हाळ्यात माई गेल्या. फूल काही त्यांना दिसलं नाही.

नंतर दसऱ्याला लोक आपटा समजून कांचनाची पानं ओरबाडायला आले, तर नाना दिवसभर फाटकात खुर्ची टाकून बसले. "सोनं सराफाकडे मिळतं," म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

यंदा वैशाखात एकच कळी धरली. नाना दिवसातून दहादा तिच्यापाशी जायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. परवा सकाळी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली. फूल उमललं होतं. पांढरंशुभ्र, पण एक पाकळी किडीने कुरतडलेली.

"नाना, ही पाकळी बघा," मी बोललो, आणि सवयीने बोट सरळ केलं.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी माझं बोट आपल्या हातात घेतलं आणि हळूच वाकवलं.

"चालेल," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"एवढंच ऐकायचं होतं हो तिला," नाना म्हणाले. "पन्नास वर्षांत एकदाही म्हणालो नाही."