विषय क्रमांक नऊ

कथा लिहायला एक माणूस पुरतो. ती न ऐकायला मात्र संस्था लागते. बोईसरमध्ये ही सोय १९७५ साली झाली. 'पालघर-बोईसर-तारापूर कथालेखक मंडळ' दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता, प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात भरू लागले. (बाके दुसरीचीच असल्यामुळे सभासदांचे गुडघे हनुवटीला लागतात. त्यामुळे चिंतनाची मुद्रा आपोआप येते.)

अकरा वर्षांत मंडळाने चारशे सहा कथा वाचल्या. त्यांपैकी ऐकली गेली एक. त्या दिवशी वाचणारा सोडून बाकी सगळेच आपापली कथा घरी विसरून आले होते. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून प्रत्येकाने दोन प्रती आणाव्यात असा ठराव झाला.

पद्धत अशी की एकाने वाचायचे आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आपापली कथा दुरुस्त करायची. वाचणारा थांबला की अभिप्राय. पूर्वी यात फार वेळ जाई, म्हणून अभिप्राय तीनच ठेवले आणि त्यांना नंबर दिले. एक, अंतर्मुख करते. दोन, शेवट हलवून सोडतो. तीन, लांबी थोडी कमी करावी. आता वाचन संपताच "दोन!" "एक!" "तीन, पण प्रेमाने!" असे आवाज उठतात आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटते, आत सोंगट्यांचा डाव चाललाय.

अशा या मंडळात पाम गावची जमना तांडेल गेले अकरा महिने येत होती. आई बोंबील वाळवून विकणारी, स्वतः औषधाच्या कारखान्यात डबे भरणारी. सुट्टीच्या दिवशी, हाताला गोळ्यांचा वास तसाच असताना, तिने एक कथा लिहिली होती. आठ पाने. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती दर सभेला आणायची आणि तशीच परत न्यायची. कारण 'महिला सभासदाचे अक्षर चांगले असते' या मंडळाच्या संशोधनानुसार तिला पहिल्याच दिवशी इतिवृत्त लिहायला बसवले गेले होते, आणि तिची कथा विषय क्रमांक नऊमध्ये पडली होती. विषय क्रमांक नऊ म्हणजे 'आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने'. विषय क्रमांक आठ म्हणजे चहा. चहानंतर मंडळ कधीच शिल्लक राहिले नव्हते.

"सर, माझी कथा राहिली हाय," ती म्हणायची.

"तांडेलबाई, चांगली कथा थांबते," अध्यक्ष आत्माराम सावे चप्पल शोधता शोधता म्हणायचे. त्यांची स्वतःची दर महिन्याला एक वाईट कथा असे. ती थांबत नसे.

सुरुवातीला जमनाने इतिवृत्त खरे लिहिले. 'चार वाजून दहा मिनिटांनी अध्यक्ष झोपले.' पुढल्या सभेत ते दुरुस्त झाले : 'अध्यक्ष चिंतनात गेले.' 'एकनाथ राऊत यांनी तीच कथा तिसऱ्यांदा वाचली' याचे झाले : 'राऊत यांनी कथेचा तिसरा पैलू उलगडला.' (आदिवासींच्या दुःखावर लिहिणारे हे राऊत उमरोळीच्या पूर्वेला, आदिवासी पाड्यांवर, एकदाच गेले होते, तेही मोहाच्या दारूची चौकशी करायला.) सहा महिन्यांत जमनाला कळले, की या खोलीत खरी कल्पनाशक्ती लागते ती एकाच वहीला.

आणि नियम चार असा होता, की मागील सभेचे इतिवृत्त विषय क्रमांक एकमध्ये पूर्ण वाचलेच पाहिजे. मध्ये कोणाला थांबवता येत नाही.

बाराव्या सभेला जमना वही घेऊन उभी राहिली. सगळ्यांची पेने चालू होती. तिने मागील सभेचे आठ विषय वाचले आणि घसा खाकरून पुढे गेली : "विषय क्रमांक नऊ. श्रीमती तांडेल यांनी पुढील कथा वाचली."

आणि वाचली. आठही पाने. पाचव्या पानावर राऊतांनी मान वर केली. जमना वाचता वाचता थांबली.

"ताई, लाल पेन आहे का?"

तिने दिले. पुढे वाचले. संपवले.

"काही दुरुस्ती?" अध्यक्षांनी चिंतनातून विचारले.

राऊतांनी शेवटचे वाक्य तेवढे ऐकले असावे. "एक हरकत आहे. त्या दिवशी मी या कथेला 'दोन' म्हणालो होतो. ते इतिवृत्तात आलेलं नाही."

मग सगळ्यांनाच आठवू लागले. एकाने आपण 'एक' म्हणून डोळे पुसल्याची नोंद करवली. अध्यक्षांनी स्वतःचे 'तीन' घालायला लावले, "पण प्रेमाने, हं." न झालेल्या वाचनाला सात अभिप्राय मिळाले. इतिवृत्त एकमताने कायम झाले.

"सर," जमना म्हणाली, "कुणी ऐकली नसंल तर आज परत वाचू?"

"वाचलेली कथा पुन्हा?" अध्यक्ष हादरले. "नियम अकरा आहे, बाई!" (राऊतांचे तेवढे पैलू असतात.)

सभा आटोपली. जमना पिशवी उचलून बाहेर आली, तेव्हा दारात झाडू टेकवून साखरबाई बसली होती. शाळा झाडायची, कुलूप लावायचे, यासाठी ती दर महिन्याला सभा संपायची वाट बघे.

"जमने, थांब. त्या मेल्याने मधीच पेन मागितला ना, तवा माजा एक वाक्य चुकला. परत सांग."

जमनाने वाक्य सांगितले.

"हां! तरीच म्हणते. पण असा कोण वागंल काय? मी तर तिथंच थोबाड फोडला असता."

"मावशी, तिचा बाप हाय तो."

"मंग दोनदा फोडला असता. पयल्यापासनं सांग."

पाच-पन्नासची एस.टी. पामकडे गेली. पायरीवर दोघी भांडत होत्या. साखरबाईने कथेतली एक बाई साफ नापास केली, दुसरीला आपल्या नात्यात ओढली, आणि शेवट ऐकून झाडू आपटला. जमना इतकी हसली की पिशवी हातातून पडली. कुलूप लागायला दिवेलागण झाली.

मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळण्याची अट सोपी आहे : कथा कानावर पडू न देता तिच्याबद्दल मत तयार असले पाहिजे. वाचकहो, तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर आलात, मंडळाला हसलात, जमनाची बाजूही घेतलीत. तिची कथा काय होती, हे तुम्हीसुद्धा एकदाही विचारलेले नाही.

दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता. बाक राखून ठेवले आहे. दोन प्रती आणा.