तिकडे गाडी थांबते

गांगुर्डे काकांनी मला फसवलं. पंचवटीत माझा पोत्यांचा व्यापार आहे. हातगाडीवर रिकामी पोती विकून सुरुवात केली, आज स्वतःचं गोडाऊन आहे. मला फसवायला मोठमोठे दलाल आले आणि चहा पिऊन परत गेले. पण आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहणारा, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा म्हातारा मला फसवून गेला. त्यात त्याचं स्वतःचं काहीच सुटलं नाही, हे मला जास्त लागतं.

काका दिंडोरी रोड ओलांडतात ते बघायला काळीज घट्ट लागतं. ट्रक, टेंपो, रिक्षा, समोर काहीही असो. काका पांढऱ्या पट्ट्यांपाशी येतात, उजवा हात वर करतात आणि चालू लागतात. ते पट्टेही आता पुसलेत. कुठे होते ते फक्त काकांना माहीत. ब्रेक करकचतात, ड्रायव्हर आईबाप काढतो. काका त्याच्याकडे बघून हसतात.

"तिकडे माणसानं पाय ठेवला की गाडी थांबते," म्हणतात.

तिकडे म्हणजे कॅनडात. मुलगा तिथे असतो. काका एक हिवाळा राहून आले आणि तेव्हापासून इथं फक्त अंगानं राहतात. रांगेत पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवून उभे राहतात. त्या दोन हातांत अर्धं नाशिक घुसतं. रिक्षातून उतरताना थँक यू म्हणतात, तेव्हा रिक्षावाला नोट खरी आहे का ते तपासतो. मी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडत असलो की काका मागून म्हणणार, "शेठ, तिकडे भाव लिहिलेला असतो. बोलावंच लागत नाही."

"मग भाजी घेण्यात मजा काय?"

यावर काका स्वतःच भाजीवालीशी गप्पा मारत उभे राहायचे. तिथेच मला कळायला हवं होतं.

माझ्या कोमलला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बायको म्हणाली, "एकुलती पोर, इतक्या लांब नको." मी पोतं घेतानासुद्धा उलटं करून उजेडात धरतो, मग पोर न तपासता कशी पाठवणार? काकांना ओट्यावर बसवून उलटतपासणी घेतली.

पाणी? "नळाचं पितात, शेठ."

दवाखाना? "थांबावं लागतं, पण वशिला लागत नाही."

अंधार पडल्यावर पोरगी एकटी घरी येऊ शकते? "कोणी वळूनसुद्धा बघत नाही."

हे शेवटचं उत्तर मला इतकं आवडलं की मी ते बायकोला जाऊन पुन्हा पुन्हा ऐकवलं. कोमल गेली.

तेव्हापासून मी घाबरूनच असतो. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना फोन वाजला की समोरचा म्हणेल त्या भावाला माल देतो आणि आधी फोन घेतो. कोमल म्हणते, "पप्पा, इथं खूप शांत आहे."

"शांत म्हणजे चांगलं ना गं?"

"शांत म्हणजे शांत, पप्पा."

मागच्या आठवड्यात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला एक टेंपो काकांसाठी थांबला नाही. मी चहाच्या टपरीवर होतो. धावत जाऊन त्यांची कॉलर ओढली, दोघंही दुभाजकावर आपटलो.

"मरायचंय का? तिकडचं तिकडे ठेवून यायचं होतं ना," मी ओरडलो.

काकांचा हात अजून वरच होता. टपरीच्या बाकावर पाणी प्यायल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेठ, तिकडे पोरगा आणि सून सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. घरात मी आणि हीटर. दुपारी मी कोपऱ्यावर जायचो. पाय ठेवला की गाडी थांबायची. आतला माणूस हात हलवून म्हणायचा, जा. दिवसभरात माझ्याकडे तेवढंच कोणी बघायचं. मी पलीकडे जायचो, जरा थांबायचो, परत यायचो. परत जायचो."

माझं डोकं फिरलं. "हे मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही पाण्याचं विचारलं, दवाखान्याचं विचारलं."

"आणि वर कौतुक करत फिरता."

"पोरगा आता तिथंच राहणार, शेठ. ते गाव वाईट म्हटलं तर मला झोप कशी लागेल?"

क्रेटमध्ये लालभडक टोमॅटो वर रचतात, तसं या माणसानं केलं. आणि ती क्रेट तो रोज स्वतःलाच विकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमलचा फोन आला. "पप्पा, काका सांगायचे ते अगदी खरंय. गाड्या थांबतात, लोक हात करतात. आज मी उगाचच रस्ता ओलांडला, परत आले, परत ओलांडला." ती हसली. मला हसता आलं नाही.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणते?"

"मजेत आहे," मी म्हणालो. "तिकडे गाड्या थांबतात."

मग चपला अडकवून खाली गेलो आणि काकांचं दार वाजवलं. काका, माल तुमच्या शब्दावर घेतला होता. आता माझी पोर त्या कोपऱ्यावर उभी आहे. तिच्याशी बोलायला कोण जाणार? लावा तुमच्या पोराला फोन, कितीही लांब राहत असू दे. तो जाणार की नाही, एवढं सांगा. उत्तर मिळेपर्यंत मी या दारातून हलणार नाही.