इल्वाची सही

भरतेश मगदूमच्या मेंदूच्या ऑपरेशनला संमती देण्याचा अधिकार इल्वा नावाच्या तिरंदाज बाईला होता, आणि ती त्याच्या लॅपटॉपमधल्या खेळात राहत होती.

मिरजेच्या त्या इस्पितळात संमतीपत्रावर सर्वांत जवळच्या व्यक्तीचीच सही चालते. जवळीक तिथे मोजतात. भरतेशची थोरली बहीण राजमती चौगुले शाळेचा दिवस अर्ध्यावर टाकून जयसिंगपूरहून आली, तेव्हा संमती कक्षातल्या दबडेंनी तिच्यापुढे कागद सरकवला. बहीण : एकसष्ट. इल्वा : चौऱ्याण्णव.

"अहो, आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला."

"म्हणूनच एकसष्ट भरले, मॅडम. सणावारी फोन करणाऱ्यांचे चाळीसच्या वर जात नाहीत."

पावणेदोन झाले होते. डॉक्टर इनामदार म्हणाल्या, "रक्त साकळलंय. तीनच्या आत टेबलावर घ्यायलाच हवं."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी नियमाप्रमाणे रुग्णाबरोबर लॅपटॉपही आणला होता. दबडेंनी तो उघडला. नदीकाठी शेकोटी पेटली होती आणि इल्वा बाणांना धार लावत बसली होती. सहा वर्षं ती भरतेशबरोबर त्या मुलखात हिंडत होती.

"ती बोलली की खाली तीन उत्तरं येतील," दबडे म्हणाले. "एक दाबायचं. जपून दाबा."

"तो काल आला नाही," इल्वा म्हणाली. "तुम्ही कोण?"

राजमती मुख्याध्यापिका होती. तिने उत्तरं नीट वाचलीसुद्धा नाहीत. 'वेळ नाही, आधी सही कर' हे तिने दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : इल्वाला हे आवडलं नाही. इल्वाने धनुष्य खांद्याला लावलं आणि ती रानात निघून गेली.

"बोलवा तिला!"

"सरपणाला गेली असणार. मोळी भरल्याशिवाय येत नाही."

पंचवीस मिनिटं राजमती मोकळ्या नदीकाठाकडे बघत राहिली. डॉक्टर दोनदा बाहेर आल्या, पडद्यावर नजर टाकून आत गेल्या. भरतेशच्या नाडीच्या यंत्राचा आवाज आतून मघापेक्षा भरभर येत होता.

इल्वा परतली. मोळी टाकून तिने राजमतीकडे निरखून पाहिलं. "तुम्ही अक्का. राग आला की ओठ मिटून घेता, असं तो सांगायचा. त्याला काय झालंय?"

डॉक्टर लॅपटॉपपुढे वाकल्या. कुठल्याही नातेवाइकाशी बोलावं तशा बोलल्या. "जीव वाचेल. पण मागची पाच-सहा वर्षं पुसली जातील असं दिसतंय. लहानपणचं राहील."

"म्हणजे अक्का राहतील," इल्वा म्हणाली. "मी जाईन."

खाली तीन उत्तरं आली : तो तुला कधीच विसरणार नाही. तुझा त्याच्याशी संबंध काय? गप्प राहा.

"पहिलं दाबा," दबडे कुजबुजले. "पहिल्यावर सगळे सही करतात."

दोन चाळीस. राजमतीचं बोट बटणावर टेकलं, आणि तिने ते उचललं.

"तो तुला विसरेल, बाई," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर सहीला माझाही हात धजला नसता. तरी कर."

दबडेंनी डोळे मिटले. पडद्यावर काहीच उमटलं नाही. इल्वाने लाकूड शेकोटीत सारलं.

"संध्याकाळचा तो माझ्याशी बोलायचा. दिवसभर काय झालं ते सगळं. आता कुणाशी बोलेल?"

"माझ्याशी. मी 'जेवलास का' विचारून फोन ठेवायचे. आता ठेवणार नाही."

"त्याला मध्ये तोडायचं नाही. तो सांगताना अडखळतो."

"नाही तोडणार."

इल्वाने डाव्या हाताने सही केली. नात्याच्या रकान्यात तिने 'सोबत' असं लिहिलं. दबडेंनी कागद छापून घेतला आणि ते पळत सुटले. तीनला पाच कमी असताना थिएटरचं दार बंद झालं. राजमती बाकावर बसली.

नवव्या दिवशी भरतेश उशीला टेकून बसला. "अक्का," तो म्हणाला, आणि कॉलेजच्या परीक्षेची तारीख विचारू लागला. राजमतीने सगळं ऐकून घेतलं. दबडे येऊन जवळीक नव्याने मोजून गेले. बहीण : अठ्ठ्याऐंशी. इल्वा : शून्य. रुग्णाची वस्तू म्हणून लॅपटॉप त्यांनी पलंगावर ठेवला आणि पोच घेतली.

पडद्यावर खेळ सुरुवातीला परतला होता; एका पुलापाशी धनुष्य घेतलेली बाई उभी होती.

"वाटसरू, मी इल्वा," ती म्हणाली. "सोबत हवी आहे का?"

खाली तीन उत्तरं आली : चल. तू कोण, कुठली? नको.

भरतेशचा उजवा हात अजून उचलत नव्हता. तो बराच वेळ वाचत राहिला.

"अक्का, दुसरं दाब."

राजमतीने दाबलं. इल्वा पुलाच्या कठड्यावर बसली आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागली.