चाळीस जणांची यादी

हिंजवडीतल्या एका कंपनीने ‘किल्लेदार’ नावाचा व्हिडिओ गेम तयार केला आणि बाजारात आणण्यापूर्वी तो चाळीस निवडक माणसांकडून तपासून घ्यायचे ठरवले. त्या धंद्यात याला क्लोज्ड बीटा म्हणतात. चाळीस जणांनी घरी बसून फुकट खेळायचे आणि गेम कुठे अडतो, म्हणजे त्यात ‘बग’ कुठे आहे, ते कळवायचे, एवढेच काम. ही माणसे निवडून त्यांच्याकडून ते करून घेणे खडकीच्या बुद्धभूषणवर सोपवण्यात आले. बुद्धभूषण वर्षभर तात्पुरत्या नेमणुकीवर होता.

“लाँचच्या आधी मोठा बग सापडला तर तू पर्मनंट,” त्याच्या वरिष्ठ निकिता मॅडम म्हणाल्या. “लाँचनंतर निघाला, तर तू घरी.”

बुद्धभूषणने सूचना काढली: ‘प्रवेश फक्त चाळीस जणांना.’ बिचाऱ्याचा जन्म पुण्यातला, तरी त्याने हे लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव पेठेतले श्रीधरपंत हजर. सेवानिवृत्त, आणि सतरा मंडळांचे आजीव सभासद.

“आपण गेम खेळता का?” बुद्धभूषणने अदबीने विचारले.

“मुळीच नाही. पण चाळीस जणांची यादी निघते आणि तीत आमचं नाव नाही, हे तुम्हालाच शोभणार नाही.”

त्यांच्या मागोमाग संपतराव आले. कंपनीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती, ती त्यांनीच विकलेली. “जमीन आमची, आन् आत नाव दुसऱ्याचं? ह्ये बरं न्हाय, साहेब.”

आठवड्यात सहा हजार अर्ज आले. मग रीतसर नमुना ठरला: दोन फोटो, रहिवासी दाखला, दोन प्रतिष्ठितांची शिफारस. छाननी समिती नेमली गेली. समितीत कोण असावे यासाठी दुसरी समिती बसली. पेठेत ‘बीटा प्रवेश मार्गदर्शन वर्ग’ निघाला आणि त्याची पहाटेची बॅच भरलीसुद्धा. एका वधूवरसूचक मंडळात नोंद झाली: ‘मुलगा निर्व्यसनी, क्लोज्ड बीटात प्रतीक्षायादीवर.’

यादी लागली. संपतरावांनी पेढे वाटले आणि चौकात फ्लेक्स लावला: ‘क्लोज्ड बीटापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ गॉगल लावलेले संपतराव मध्ये, शुभेच्छुक चहूबाजूंनी.

तीन आठवडे झाले, चूक एकही कुणी कळवेना. बुद्धभूषणने एकेकाला फोन लावला.

“पंत, खेळलात का?”

“निवड झाली ना आमची? आता आणखी काय करायचं असतं?”

“निदान पासवर्ड टाकून बघा.”

“तुमचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय. पासवर्ड मागच्या बाजूला आहे. तेवढ्यासाठी खिळा काढू का?”

चाळीसपैकी चाळीस जणांची हीच कथा. शेवटी बुद्धभूषणने हातापाया पडून पब्लिक बीटा मंजूर करून घेतला. कुणीही यावे, खेळावे, दाखला नको, शिफारस नको. एक माणूस फिरकेल तर शपथ. “सगळ्यांना देताय?” लोक विचारत. “मग त्यात खोट काय आहे?”

अखेर एकच नाव आले. सरुबाई, वय एकाहत्तर, संपतरावांच्या आई. घरात धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर त्या चार दिवस खेळल्या आणि त्यांनी फोन केला.

“आरं लेकरा, चौथा दरवाजा उघडतच न्हाय. त्यो किल्लेदार जातो आन् भिताडात शिरून बसतो. म्या सात बाऱ्या बघितलं.”

बुद्धभूषणला ती माउली फोनमधून बाहेर ओढून मिठी मारावीशी वाटली. तो धावतच निकिता मॅडमकडे गेला.

“ग्रेट! कुठल्या यादीतल्या आहेत या?”

“पब्लिक.”

“मग नाही धरता येणार. बग क्लोज्ड बीटातूनच यायला हवा. प्रोसेस आहे.”

सरुबाईंना आत घ्यायचे, तर प्रतीक्षायादीत पुढे पाच हजार नऊशे साठ जण. किंवा मग कुणीतरी जागा सोडायला हवी. सरुबाईंनी पोटच्या पोरालाच विचारले.

संपतरावांचे डोळे भरून आले. “आये, राहिलेली जमीन माग, देतो. पर ह्ये नगं मागू.”

गेम तसाच ठरल्या तारखेला बाजारात आला. पहिल्याच दिवशी शेकडो किल्लेदार भिंतीत शिरून बसले आणि तक्रारींचा पाऊस पडला. आता घरी जायचेच आहे, या आनंदात बुद्धभूषणने सर्वांना एकच उत्तर ठोकून दिले: ‘चौथा दरवाजा फक्त निवडक खेळाडूंसाठी आहे.’

तासाभरात तक्रारी थांबल्या आणि अर्ज सुरू झाले. विक्री तिप्पट झाली. निकिता मॅडमनी बुद्धभूषणला जागच्या जागी पर्मनंट केले आणि चौथ्या दरवाजाची यादी सांभाळायला दिली. तो सरळमार्गी माणूस. येणाऱ्या प्रत्येकाला तो स्पष्ट सांगतो, की दरवाजा कुणासाठीच उघडत नाही, त्याच्या आत काही नाही.

“असं सगळ्यांनाच सांगत असाल,” श्रीधरपंत खुर्ची पुढे ओढून म्हणाले. “आमचं बोला.”

ही गोष्ट छापण्यापूर्वी मी काही चोखंदळ वाचकांना दाखवली. ते पोट धरधरून हसले, आणि हसून झाल्यावर प्रत्येकाने हळूच विचारले, “या बुद्धभूषणशी तुमची ओळख आहे का हो?” तुम्ही तसे काही विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही परस्परच त्याला गाठाल.